पाच ट्रेमधली हाडं

१

सरांना मामांनी बुटांवरून ओळखलं. ओळखायला दुसरं काही उरलंच नव्हतं.

लोखंडी कपाट त्यांच्यावर पालथं पडलं होतं. कमरेपासून वरचं सगळं त्याच्याखाली होतं, आणि फरशीवर इतकं रक्त पसरलं होतं की पोलिसांच्या फोटोग्राफरनं कसेबसे दोन फोटो काढले, बाहेर धावला आणि व्हरांड्यातल्या कुंडीत ओकला. नोकरीत त्यानं मढी काही कमी पाहिली नव्हती.

मेडिकल कॉलेजातली ही हाडांची खोली. भिंतींना कपाटं, मधोमध लांबलचक टेबल, कोपऱ्यात लोखंडी स्टँडला टांगलेला सांगाडा. सर इथले शरीररचनेच्या विभागाचे प्रमुख. आज मुलांची तोंडी परीक्षा होती, म्हणून काल संध्याकाळी तयारीला ते एकटेच मागे थांबले होते. सकाळी विभागाचे जुने शिपाई, ज्यांना अख्खं कॉलेज मामा म्हणायचं, त्यांनी ओढलं की आपोआप लागणारं ते कुलूप उघडलं आणि आतलं बघून ते कपाट उचलायला धावले. एकट्याच्यानं ते उचलतंय कुठलं! आता ते पायरीवर बसले होते आणि सदरा छातीपर्यंत लाल झाला होता.

तपासाला आलेल्या इन्स्पेक्टरबाई अंगानं किडकिडीत. ठाण्यात त्यांना सगळे पाठीमागे चिमटाबाई म्हणत. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. नाव मात्र चपखल होतं. कुठंही गेल्या की मोठ्ठं सोडून बारीक तेवढं उचलायच्या.

"अपघातच की, मॅडम," पैलवान म्हणाला. हा त्यांचा हवालदार. मान खांद्यात रुतलेली, हात कुदळीच्या दांड्याएवढे. "कपाट कलंडलं, म्हातारा गेला. दुपारच्या आत फाइल बंद."

चिमटाबाई गुडघ्यांवर बसून कपाटाची बाजू बघत होत्या. "इकडं ये. हे थेंब कुठं ओघळलेत?"

"पायांकडे."

"बरोबर, कपाटाच्या पायांकडे. आडव्या पडलेल्या कपाटावर रक्त पायांकडे कशाला ओघळेल? ते फरशीकडे जाईल. रक्त उडालं तेव्हा कपाट उभं होतं, पैलवान. माणसाला आधी मारलं, आणि मग कपाट अंगावर ढकललं."

पैलवानाचा चेहरा खुलला. अपघातापेक्षा खून त्याला जास्त आवडायचा, कारण खुनात कुणालातरी हात लावता यायचा. "मग अवघड काय आहे त्यात? किल्ली कुणाकडे? मामाकडे. रक्त कुणाच्या अंगावर? मामाच्या. आणि परवाच म्हाताऱ्यानं त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, कवटी फोडली म्हणून. तोही उलटून बोलला म्हणे." त्यानं मोठ्या साहेबांना फोन लावलासुद्धा, आणि साहेबांनी तिकडून होकार दिलासुद्धा. मामांना दंडाला धरून जीपमध्ये कोंबलं.

"बाई, मी नाही हो," मामा जाता जाता ओरडले. "सर माझे देव होते हो!"

चिमटाबाईंनी अडवलं नाही. साहेबांचा हुकूम होता, आणि खोली अजून पुरती बघून व्हायची होती. त्यांची नजर टेबलावर गेली. तिथं पाच मोठे लाकडी ट्रे हाडांनी भरलेले, कसे जागच्या जागी मांडलेले. त्यांनी हातमोजा घातला आणि मांडीचं एक हाड उचललं. दांडा लख्ख पुसलेला होता. पण टोकाशी, जिथं हाड जुन्या स्पंजासारखं सच्छिद्र होतं, त्या भोकाभोकांत रक्त साकळलेलं होतं.

ते रक्त कालचंच होतं.

२

"हे ट्रे काल पडले होते," चिमटाबाई म्हणाल्या. "सगळी हाडं जमिनीवर, रक्तात. नंतर कुणीतरी पुसून परत भरली. का भरली असतील, तेही उघड आहे. खोलीभर हाडं विखुरलेली दिसली तर मारामारी झाली हे शेंबडं पोर सांगेल. मग कपाटाच्या अपघाताला कोण भुलणार?"

समोर लेक्चररबाई उभ्या होत्या. सरांच्या हाताखालच्या. डोळे सुजलेले, पण आवाज वर्गातला, खणखणीत.

"मला या ट्रेंचं सांगा."

"आम्ही हाडं आकारावरून लावतो. पाच प्रकार. लांब, आखूड, चपटी, वेडीवाकडी आणि तिळासारखी."

चिमटाबाईंनी पहिल्या ट्रेमधून बोटाचं पेर उचललं. जेमतेम खडूच्या तुकड्याएवढं. "हे लांब हाडांत? चुकून पडलंय."

"नाही, बरोबर आहे." लेक्चररबाईंच्या ओठांवर एवढ्यातही मास्तरकी आली. "लांबीवर नाही जायचं. मधे दांडा, दोन्ही टोकांना गाठ, की ते लांब हाड. मग ते मांडीचं असो नाहीतर करंगळीचं. आखूड म्हणजे मनगटातले आणि घोट्यातले खडे, सगळीकडून सारखेच. बरगडी दिसते लांब, पण ती चपटी. तिला दांडा कुठाय? खांद्याचं फावडं, कवटीची टोपी, ही पण चपटी. मणके वेडेवाकडे. आणि स्नायूच्या दोरीत रुतून बसतं ते तीळहाड. गुडघ्याची वाटी त्यातली सगळ्यात मोठी."

"म्हणजे मी हे ट्रे भरले असते तर पेर आखूडमध्ये टाकलं असतं आणि बरगडी लांबमध्ये."

"सगळेच टाकतात. पहिल्या वर्षाची मुलं हमखास."

"इथं एकही चूक नाही. हे भरणाऱ्याला हाडं कळतात." चिमटाबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्हाला कळतात."

लेक्चररबाई पांढऱ्या पडल्या. मग एकदम उसळल्या. "हो, कळतात! आणि लपवत नाही, माझं सरांशी वाजलं होतं. माझ्या संशोधनावर त्यांनी स्वतःचं नाव आधी घातलं. मी त्यांच्या तोंडावर सांगितलं, तुमचा गळा दाबावासा वाटतो म्हणून. पण दाबला नाही! त्यांच्याकडून शिकले मी सगळं."

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

"घरी. एकटी." त्या हळूच म्हणाल्या, "विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. सर आठवडाभर अस्वस्थ होते. कसल्याशा चौकशीत साक्ष द्यायची होती त्यांना. म्हणायचे, खरं बोललो तर घर तुटतं आणि नाही बोललो तर झोप लागत नाही."

चिमटाबाईंचा फोन वाजला. पैलवान होता.

"मॅडम, ट्रेंचं कळलं मला. मामा हाडं ओळखतो. सगळी पाठ आहेत त्याला, स्वतः कबूल केलंय. बाकीचं पण करतोय कबूल, संध्याकाळपर्यंत."

"हात लावू नकोस त्याला. मी येईपर्यंत..."

तिकडून कुणीतरी असं किंचाळलं की लेक्चररबाईंनीही ते ऐकलं. मग फोन कट झाला.

३

चिमटाबाईंनी मोठ्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "तुमच्याकडे दुसरा माणूस आहे? नाही ना? मग पैलवानाला त्याचं काम करू द्या." दुसरा माणूस आणल्याशिवाय मामा सुटणार नव्हते, हे बाईंना स्वच्छ कळलं. त्या जीपमध्ये बसल्या आणि दार धाडकन ओढून घेतलं. रागानं, आणि लाजेनंही.

घर तुटेल म्हणजे घरचंच कुणीतरी. सरांना एकच मुलगी. जावई हाडांचे डॉक्टर, गावात त्यांचं स्वतःचं छोटं हॉस्पिटल. सासरा गेल्याचं कळूनही ते वॉर्डात होते.

"ठरलेलं ऑपरेशन आहे. पेशंटला उपाशी ठेवलंय," ते शांतपणे म्हणाले. उंच, स्वच्छ, बोटं लांबसडक. "माफ करा, एक मिनिट." कॉटवरच्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "आजोबा, कुठला पाय?"

"अहो, तिसऱ्यांदा विचारताय," आजोबा वैतागले. "डावा!"

डॉक्टरांनी नर्सला विचारलं, कागद पाहिला, एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि मग डाव्या गुडघ्यावर पेनानं ठळक बाण काढला. बाण काढून झाल्यावर पुन्हा एकदा कागद पाहिला.

"फार काळजी घेता," चिमटाबाई म्हणाल्या.

"घ्यावी लागते."

"सासऱ्यांशी कसं होतं?"

"जेवढ्यास तेवढं. ते मेलेल्या हाडांतले, मी जिवंत." ते किंचित हसले. "त्यांच्या त्या खोलीत मी लग्नाच्या वर्षी एकदा गेलो होतो. त्यानंतर पाऊल ठेवलेलं नाही."

"काल संध्याकाळी?"

"इथंच. माझ्या खोलीत वाचत होतो. कुणी आलं नाही, त्यामुळे साक्षीदार नाही." बोलताना ते उजव्या हाताची मूठ मिटत-उघडत होते. तळहातावर फोड आलेला होता, फुटलेला.

बाहेर जिन्यात सरांची मुलगी बसली होती. रडून रडून घसा बसलेला. चिमटाबाई तिच्या शेजारी पायरीवरच टेकल्या.

"ताई, तुमचे बाबा कुणाविरुद्ध साक्ष देणार होते?"

मुलीनं मान फिरवली. "मला माहीत नाही."

"ठाण्यात एक म्हातारा मार खातोय. तुमच्या बाबांचं कपाट उचलायला धावला, एवढाच त्याचा गुन्हा. तुम्ही लहान असल्यापासून तो तिथं असणार."

ती पदराचं टोक पिळू लागली. मग म्हणाली, "मामा मला कवटीच्या डोळ्यांतून बोट घालून दाखवायचे, मी घाबरू नये म्हणून." आणि तिला हुंदका फुटला. "एक पोस्टमन होता. डावा गुडघा दुखत होता बिचाऱ्याचा. यांनी उजवा उघडला. चांगला, धडधाकट गुडघा! त्यात पू झाला, पाय मांडीपासून कापावा लागला. यांनी कागद बदलले आणि म्हणाले, उजवाच खराब होता. तो कापलेला पाय कॉलेजात गेला. बाबांनी तो गुडघा उघडून पाहिला. पू सोडला तर वाटीला आधीची झीज कसलीच नव्हती, म्हणाले. त्याची चौकशी होती या आठवड्यात."

"तेव्हापासून डॉक्टर बाण काढतात."

"झोपेतसुद्धा डावा-उजवा बडबडतात," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो हे उमगून तिनं तोंडावर हात दाबला.

४

कारण सापडलं. पण कारणावर कुणाला फासावर चढवता येत नाही, आणि मामांना सोडवताही येत नाही. चिमटाबाई पुन्हा ट्रेंपुढे उभ्या राहिल्या.

या वेळी त्यांनी हाडं नाही पाहिली, हाडांमधली रिकामी जागा पाहिली. लांब हाडांच्या ट्रेमध्ये मधे फट. आखूडमध्ये फट. बरगड्या दोन ढिगांत, पाठीला पाठ. वाट्या दोन ढिगांत. फक्त मणके तेवढे एकाच राशीत पडलेले. मणक्याला कुठली आलीय डावी-उजवी बाजू!

बाईंनी ट्रेंचे सगळीकडून फोटो काढून घेतले. मग पाचही ट्रे एकामागून एक टेबलावर उलटे केले आणि लेक्चररबाईंना बोलावलं.

"फोटोग्राफरचा धक्का लागला. भरून द्याल?"

लेक्चररबाईंचे हात भाजीवालीसारखे सराईत चालले. आकार पाहायचा की टाकायचं ट्रेमध्ये. डावी-उजवी सगळी एकमेकांत कालवलेली.

"बाजू नाही लावत?"

"छे! मुद्दाम नाही लावत. परीक्षेत पहिला प्रश्न तोच असतो, हाड कुठल्या बाजूचं. आम्हीच ढीग लावून दिले तर मुलं काय ओळखणार? मामा तर जाता-येता ट्रेमध्ये हात घालून ढवळून ठेवतात."

"हेच तुम्ही लिहून द्यायचं," चिमटाबाई म्हणाल्या. त्यांनी हाडं पुन्हा उलटी केली, लेक्चररबाईंना शेजारच्या खोलीत पोलीस शिपायाबरोबर बसवलं आणि डॉक्टरांना आणवलं.

डॉक्टर आले. फरशीवरच्या डागाला त्यांनी वळसा घातला, खाली न बघता.

"धक्का लागला," बाई म्हणाल्या. "लेक्चररबाईंचा आज भरवसा नाही. तुम्ही जाणकार. मदत कराल?"

त्यांनी बाह्या वर सारल्या. मग बोटं कामाला लागली. बरगडी चपट्यांत. पेर लांबमध्ये. वाटी तिळांत. काही चुकत नव्हतं. आणि न सांगता, न थांबता, डावीकडे डावं जात होतं, उजवीकडे उजवं. मधे फट पडत होती.

"ती वाटी कुठल्या पायाची?"

"डाव्या," ते उत्तरले. "बाहेरच्या अंगाचा उतार मोठा असतो, त्यावरून..." आणि त्यांचा हात हवेत थबकला.

"थांबू नका, डॉक्टर. सकाळी ट्रे हुबेहूब असेच लागले होते. माझ्याकडे फोटो आहेत. मामा हाडं ढवळतात, लेक्चररबाई कालवतात. इथं बाजू लावणं म्हणजे परीक्षा बुडवणं. इथल्या कुठल्याही माणसाच्या हाताला ते वळणच नाही. ते वळण आहे एका चुकीच्या गुडघ्याचं. तुमच्या तळहाताला फोडही आलाय, मऊ हातांना लोखंड पेलत नाही. आणि तुम्ही तर या खोलीत वर्षानुवर्षं आला नव्हतात म्हणे."

डॉक्टरांनी वाटी ट्रेमध्ये ठेवली. डावीकडेच ठेवली.

"त्यांच्या पाया पडलो मी," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "म्हटलं, एका पोस्टमनच्या पायासाठी मुलीचा संसार मोडताय. तर म्हणाले, तू त्याला परत चालव, मी गप्प बसतो. मग तो स्टँड हातात आला."

पुढचं घडलं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत. डॉक्टरांनी मागे न बघताच हात टाकला आणि कोपऱ्यातला लोखंडी स्टँड सांगाड्यासकट उपसला. सांगाडा खळखळत कोसळला. पहिला फटका टेबलाला बसला आणि फळी चिरली. दुसरा चिमटाबाईंच्या खांद्यावर बसला. आतून कड्कन आवाज आला, तो त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. त्या हाडांत पडल्या. वर त्याचा चेहरा, एकाग्र, ऑपरेशनला उभा राहिल्यासारखा, आणि स्टँडचं जड बूड डोक्याच्या रोखानं वर उचललेलं.

बाईंनी धड हातानं खाली पडलेला लाकडी ट्रे उचलला आणि त्याची कड सगळ्या ताकदीनिशी त्याच्या नडगीवर घातली. तो वाकला. वाकल्यावर दुसरा फटका तोंडावर. नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली, दात फरशीवर घरंगळले. तिसरा फटका घालायची गरज नव्हती. तरी त्यांनी तो घातला. फोनवरची किंकाळी त्यांच्या कानांतून गेली नव्हती.

दारात धावत आलेल्या पोलिसांच्या मागे सरांची मुलगी उभी होती. नवऱ्याच्या मागोमाग आलेली. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती पुढे आली, नवऱ्याजवळ बसली. त्यानं हात पुढे केला. तिनं तो झिडकारला आणि त्याच्या रक्ताळलेल्या तोंडात एवढ्या जोरानं चपराक मारली की तिचा स्वतःचा हात लाल झाला.

"बाबांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली, "की तू त्या पोस्टमनसाठी रडत आलास तर ते साक्ष देणार नाहीत. त्यांचं मन विरघळत आलं होतं रे."

५

ठाण्यात मामा कोठडीच्या फरशीवर कुशीवर पडले होते. चेहरा सुजून डोळे दिसेनासे झालेले. उजवा हात मनगटाच्या वर जेवणाच्या काट्यासारखा वाकला होता, आणि बोटं जांभळी पडून थंडगार झाली होती.

"काठीत घालून जरा पिळला," पैलवान म्हणाला. "सही करतच नव्हता."

चिमटाबाईंचा एक हात गळ्यात बांधलेला होता, म्हणूनच पैलवान अजून पायांवर उभा होता.

बेड्या घातलेल्या डॉक्टरांना आत आणताना त्यांची नजर त्या हातावर पडली आणि ते थांबले. फुटक्या तोंडानं म्हणाले, "बोटांना रक्त पोचत नाहीये. हाडाखाली शीर दबलीय. आत्ता खेचून बसवलं नाही तर हात कापावा लागेल."

"दुसरं कोण आहे?" चिमटाबाईंनी विचारलं.

"कॉलेजच्या हॉस्पिटलात आहेत. तिथं नेऊन सगळी तयारी होईपर्यंत हात मेलेला असेल."

चिमटाबाई मामांजवळ खाली बसल्या. "मामा, सरांना यांनीच मारलं. त्यांनीच कबूल केलंय. तुमचा हात वाचवू शकेल असा माणूसही सध्या हाच आहे. मी जबरदस्ती नाही करणार."

मामांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी सुजलेल्या पापण्यांतून त्या उंच माणसाकडे पाहिलं. "मी इथं मार खात होतो तेव्हा तुम्ही काय करत होतात, जावईबापू?"

"पेशंट तपासत होतो," डॉक्टर म्हणाले.

"माहीत होतं तुम्हाला? की मला धरलंय?"

"हो."

मामांनी डोळे मिटले. एकदा जांभळ्या बोटांना दुसऱ्या हातानं हळूच शिवून पाहिलं. ती त्यांना कळलीच नाहीत, आणि मग भीती रागाच्या वर आली. माणूस म्हातारा असला तरी हात हातच असतो.

"करा," ते म्हणाले. "पण हाताकडे नाही बघायचं. माझ्याकडे बघून करायचं."

बेड्या काढल्या. दोन शिपायांनी मामांचा दंड धरला. डॉक्टर त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले, आणि त्यांनी खेचलं. मामांच्या ओरडण्यानं बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. हाड सरकलं, ठक् असं वाजलं. डॉक्टरांनी हात सोडला नाही. ते बघत होते आणि त्यांचे डोळे गळत होते. हळूहळू बोटांची टोकं गुलाबी झाली.

मग ते उठले आणि बेड्यांसाठी आपणहून मनगटं पुढे केली.

हाताला फळी बांधून झाल्यावर चिमटाबाई म्हणाल्या, "मामा, चला. मी सोडते घरी."

"तुम्ही फोनवर होतात ना?" मामांनी विचारलं. "मी ओरडलो तेव्हा? या हवालदारानं मुद्दाम तुम्हाला ऐकवलं होतं."

"होते."

"मग तेव्हाच यायचं होतं, बाई."

बाईंकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. साहेब होते, पुरावा होता, ट्रे होते. त्यातलं एकही त्या बोलल्या नाहीत. "हो," त्या म्हणाल्या, "तेव्हाच यायला हवं होतं." मामा एका शिपायाच्या खांद्यावर हात टाकून निघून गेले. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"पट्टा आणि काठी टेबलावर ठेव," चिमटाबाई पैलवानाला म्हणाल्या.

"मॅडम, खुनी तर सापडला ना? साहेबांनीच सांगितलं होतं..."

"तेही जबाबात सांग. आणि मी ऐकूनसुद्धा आले नाही, हेही सांग. तेही लिहून घेणार आहे मी."

पैलवान हसला, मग हसायचा थांबला. सगळं ठाणं त्याच्याकडे बघत होतं. त्यानं पट्टा सोडला. चिमटाबाईंनी कोठडीचं दार उघडलं, त्याला आत घातलं आणि बाहेरून कडी लावली.